मला आणि मले

बाभुळगाव,
११ नोव्हेंबर २०१८

प्रिय मैत्रेयी,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलं आहे. तहसीलमध्ये तीस वर्षं टिपणं लिहिली, पण स्वतःच्या मुलीला काय लिहायचं ते सुचत नाही. मधेच उठतो, फाटकापर्यंत जातो, परत येतो. तुझी आई असती तर म्हणाली असती, "काहून येरझारा घालून राह्यले? बसा ना एका जागी."

तिचा 'बोंड फोडा' हा व्हॉट्सॲप ग्रुप तुला आठवत असेल. मागच्या वर्षी गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, तेव्हा तिने तो सुरू केला. तीन तालुक्यांतल्या एक्केचाळीस बाया. मी हसलो होतो. म्हटलं, चार दिवस गुड मॉर्निंगची फुलं येतील, मग सगळं थंड. तिने फुलांवर बंदीच घातली. रोज आपल्या वावरातली हिरवी बोंडं फोडून आत अळी आहे का पाहायचं, फोटो टाकायचा, आणि जे कळलं नाही ते "मले समजलं नाही" असं उघड लिहायचं. आई स्वतः उत्तर द्यायला मुद्दाम उशीर करायची. तेवढ्यात दुसरी कोणीतरी द्यायची.

केळापूरच्या तुळसाबाईंना लिहिता येत नाही, त्या बोलून पाठवतात. पहिले दोन महिने नुसत्या ऐकत होत्या. या जूनमध्ये औषधाच्या दुकानदाराला म्हणाल्या, "डब्यावर काय लिवलं ते वाचून दाखव, मंग दे." हे त्यांनी ग्रुपवर सांगितलं, तेव्हा आई कणीक तशीच टाकून चारदा ऐकत बसली.

तिचं लिहिणं मात्र मला खटकायचं. मी म्हणायचो, 'मला' लिही, 'मले' बरं दिसत नाही. ती म्हणायची, "तुमच्या हापिसात कोणी लिवते काय, मले समजलं नाही म्हणून? मंग तुमचं 'मला' तिथंच ठेवा."

पोळ्याच्या आठवड्यात ती गेली. पुण्यानुमोदनाचा विधी आटोपून तू औरंगाबादला परतलीस, आणि त्याच दुपारी तिचा फोन वाजला. ग्रुपवर आलं होतं, "ताई, फोटो नाही आला." खरं लिहायला बोट उठलं नाही. मी लिहिलं, "मला बरं नाही."

दुसऱ्या दिवशी प्रश्न आला, तुमच्या वावरात डोमकळ्या आहेत काय? डोमकळी म्हणजे आत अळी शिरल्याने मिटलेलं फूल, हेही मला ठाऊक नव्हतं. पाहायला गेलो. तीन एकर आपलंच, पण ते तिचं होतं. मी बांधावरून परतणारा माणूस. मग रोज काहीतरी विचारू लागल्या. सापळ्यात बोंडअळीचे पतंग किती पडले, बोंडाला छिद्र कुठे आहे. मी जाऊन बघायचो आणि तिच्या नावाने उत्तर द्यायचो. आठ आठवडे. बायांना फसवतो आहे असं वाटायचं, आणि तरी सकाळ झाली की वावरात जायची घाई व्हायची.

परवा तुळसाबाईंचा आवाज आला. "भाऊ, आमाले पयल्याच दिवशी समजलं. दीपमाला जिंदगीत कधी 'मला' लिवत नव्हती. बाभुळगावात चौकशी केली. मंग ठरवलं, इचारत राहू. माणूस वावरात तं जाईन." मी फोन ठेवला आणि पुन्हा फाटकापर्यंत गेलो.

काल त्याच फोनवरून, पण स्वतःच्या नावाने लिहिलं. मी संघदीप, दीपमालाचा नवरा. ती गेली. आता काय करायचं, मले समजलं नाही. एकीनेही सांत्वन केलं नाही. तुळसाबाई एवढंच म्हणाल्या, "उद्या वीस बोंडं फोडा भाऊ, मंग सांगतो."

आणि आता ते, ज्यासाठी हे लिहितो आहे. मागच्या रविवारी तू विचारलंस, आईच्या नंबरवर 'ऑनलाइन' दिसते, फोन कोणाजवळ आहे? मी म्हटलं, कपाटात बंद आहे. तो मी होतो, मैत्रेयी. तिच्या नावाखालचा तो शब्द तू किती वेळ पाहत बसली असशील, ते मनात आलं की बसवत नाही. तुला त्रास होत असेल तर तो नंबर बंद करतो, बायांना माझा देतो. वीस बोंडं फोडून ओसरीवर मांडली आहेत. दोन बोंडांत अळी निघाली. फोटो काढला आहे, पाठवलेला नाही. कोणत्या नंबरवरून पाठवू, तेवढं सांग.

तुझाच, खोटं बोललेला,
बाबा