विड्यात गेलेला निकाल

कुंभकोणम्,
मंगळवार, मार्च १९५६

राजमान्य राजश्री तुकोजीराव यांच्या सेवेशी, तंजावर मुक्कामी, व्यंकोबाचा नमस्कार पोचावा. आपले गुडघे आता जिना चढू देतात की अजून खालच्याच खोलीत बिऱ्हाड आहे? वहिनींचा दमा, दाराशी बांधलेली तांबडी गाय आणि तिच्याइतकेच हट्टी असे आपले वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, सगळ्यांची खुशाली कळवावी. आमच्याकडे सर्व क्षेम आहे. (सर्व म्हणजे मी आणि धनलक्ष्मी ही नवी स्वयंपाकीण, जिच्या हातचं सांबार मी तक्रार न करता खातो आहे.) आपली बहीण विशालाक्षी आपल्याकडे सुखरूप आली हे तिच्या कार्डावरून समजलं. कार्डावर 'पोचले' एवढाच शब्द आहे, बाकी जागा कोरी. नवऱ्याला लिहायला सुचलं नाही, तर निदान हवेबद्दल तरी लिहायचं.

ती अशी एकाएकी का आली हे तिनं आपल्याला सांगितलं नसेल, आणि सांगितलं असेल तर तिच्या बाजूनं. मी सगळी नोकरी कोर्टात शिरस्तेदार म्हणून केली, त्यामुळे दुसरी बाजू कागदावर आल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. (सध्या तसंही लागत नाही, पण त्याचं कारण वर आलंच आहे.)

आमच्या गावात चित्ररसिक सभा आहे. वर्षभरात इथल्या थिएटरांत लागलेल्या चित्रांतून पाच निवडायची आणि त्यांतल्या सर्वोत्तमाला 'सुवर्णकुंभ' द्यायचा, हे तिचं काम. दिल्लीलाही असलं काही देतात म्हणे, पण कुंभ देत नाहीत. (कुंभ पितळेचा असतो. वरचा मुलामा सभेचे अध्यक्ष महालिंग पिळ्ळै स्वखुशीनं देतात; त्यांचं भांड्यांचं दुकान आहे, आणि कुंभ त्या दुकानात वर्षभर पुढच्या फळीवर ठेवलेला असतो.) परीक्षक तिघं. एक स्वतः पिळ्ळै, दुसऱ्या शिवकामी अम्माळ, मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आणि तिसरा मी. प्रत्येकानं पाचही चित्रं पाहून एक ते पाच असा क्रम लावायचा, तिघांचे क्रमांक मिळवायचे, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी त्याला कुंभ.

आता माझी चित्र पाहायची रीत आपल्याला ठाऊकच आहे. थिएटरातले दिवे मालवले की माझे डोळे मिटतात. लग्न झाल्यापासून असंच आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. पिळ्ळै तर माझ्यासाठी भिंतीलगतची खुर्ची राखून ठेवतात, म्हणजे मान टेकवता येते. चित्र संपलं की विशालाक्षी मला उठवते आणि घरी येता येता सगळी कथा सांगते. तिचं सांगणं असं असतं की महामहम् तळ्याच्या पायऱ्यांवर बसलेली माणसं उठून थोडं अंतर आमच्याबरोबर चालतात. जुळ्या राजपुत्रांच्या चित्रातली शेवटची तलवारबाजी तिनं माझी छत्री घेऊन भर रस्त्यात करून दाखवली, आणि दुष्ट सेनापतीचं हसणं असं हसली की पानवाल्यानं दिवा मोठा केला. हत्तीचं चित्र, अगस्त्य ऋषींचं चित्र, दोन सुनांचं चित्र, ही सगळी मी अशीच पाहिली. (नावं मुद्दाम लिहीत नाही. घरात आम्ही त्यांना याच नावांनी ओळखतो.) आणि न्यायाधीश तरी खून स्वतः पाहायला कुठं जातात? साक्षीदार सांगतो, त्यावरून ते निकाल देतात. माझी साक्षीदार तर अख्ख्या जिल्ह्यात मिळायची नाही अशी.

पाचवं चित्र शिलाईवाल्या बाईचं. ते पाहून आम्ही निघालो, तळं मागं पडलं, कुंभेश्वराची वीथी आली, तरी ही काही बोलेना. मी विचारलं, काय झालं त्यात? 'कांही नाही,' म्हणाली. घरी आल्यावर पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. आता आपणच सांगा, भरवशाचा साक्षीदार दोनदा सांगतो की काही झालं नाही, तर शिरस्तेदारानं काय लिहायचं? ज्यात काही झालंच नाही असं चित्र मी पाचव्या क्रमांकावर ठेवलं, राजपुत्रांना पहिल्या, आणि निर्धास्त झोपलो.

सभेच्या दिवशी पिळ्ळैंच्या घरी जेवणं झाली आणि बेरजा मांडल्या. तिघांनी इतक्या तन्मयतेनं एकमेकांचे क्रम खोडले होते की पाचही चित्रांना नऊ-नऊ आले. शिवकामी अम्माळनी बेरीज तीनदा तपासली. (त्यांनी शिलाईवालीला पहिलं ठेवलं होतं, पिळ्ळैंनी तिसरं. मी तिला एक पायरी जरी वर चढवली असती तरी कुंभ तिचाच होता, हे अम्माळनी मला तमिळमध्ये, आणि मी चौथीतला असल्यासारखं समजावून सांगितलं.) पिळ्ळै क्रम बदलेनात, अम्माळ बदलेनात, मग मी तरी का बदलावा? शेवटी आपल्याकडे मुलीचं स्थळ ठरताना करतात तसं फुलांचा कौल लावायचं ठरलं. हत्तीला झेंडू, राजपुत्रांना गुलाब, अगस्त्याला कमळाची पाकळी, सुनांना शेवंती, शिलाईवालीला मोगरा. पुड्या बांधायला केळीचं पान फाडायला हवं होतं, पण जेवणानंतरचं विड्याच्या पानांचं तबक समोरच होतं. कावेरीकाठची कोवळी पानं, बोटांनी दुमडली की दुमडतात. पाच फुलांच्या पाच पुड्या झाल्या, देवापुढे ठेवल्या, आणि यजमान या नात्यानं पिळ्ळैंनी डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन एक उचलली.

आणि खाल्ली.

त्यांचा काही दोष नाही, तुकोजीराव. ज्या माणसानं जन्मभर रोज जेवल्यावर डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन विडा उचलला, त्याचा हात पुढं कुठं जाणार? सुपारी लागेना तेव्हा त्यांनी डोळे उघडले, पण तोवर गिळून झालं होतं. आम्ही उरलेल्या चार पुड्या सोडल्या. झेंडू, गुलाब, कमळ, शेवंती. मोगरा अध्यक्षांच्या पोटात. अम्माळ म्हणाल्या की देवानं कौल दिला, शिलाईवाली जिंकली. पिळ्ळै म्हणाले की जो कौल कुणी डोळ्यांनी पाहिला नाही तो कौल कसला, आणि झाल्या प्रकारानं ते इतके ओशाळले होते की ते चित्र त्यांना नजरेसमोरच नको होतं. दोघं माझ्याकडे वळली. मी कायदा सांगितला: पुरावा हजर करता येत नसेल तर तो बाजूला ठेवून दावा पुढं चालवावा. उरलेल्या चार पुड्या पुन्हा बांधल्या, आणि त्यांतून अम्माळनी रागारागानं एक उचलली. गुलाब निघाला. राजपुत्रांना सुवर्णकुंभ.

हे सगळं मी घरी येऊन मोठ्या रंगात सांगितलं. म्हटलं रोज ही मला सांगते, आज मी हिला सांगू. विशालाक्षी कॉफी गाळत होती. ऐकून झाल्यावर तिनं कॉफी समोर ठेवली आणि म्हणाली, 'तुम्ही देखलांच नाही, मग खालीं कां घाटलांत?' मी म्हटलं, पाचवं ठेवलं, कारण तूच सांगितलंस की काही नाही म्हणून. त्यावर ती आत निघून गेली, आणि सकाळी ट्रंक घेऊन आपल्याकडे निघाली. माझी बाजू ही अशी आहे. यात माझं कुठं चुकलं असेल तर आपण वडीलपणानं दाखवून द्यावं; मला स्वतःला शोधूनही सापडलेलं नाही.

आपला,
व्यंकोबा

ता. क. कॉफीच्या बिया मोजायचं मापटं कुठं ठेवलं आहे ते तिला विचारून कळवावं. या पत्राचं खरं कारण तेवढंच.

ता. क. दुसरा. मापटं सापडलं. तरी उत्तर धाडावं.

ता. क. तिसरा. विशालाक्षी, तुकोजीअण्णा टपाल स्वतः वाचत नाहीत, झोपाळ्यावर पडून तुझ्याकडून वाचून घेतात, हे मला माहीत आहे. इथून पुढचं मोठ्यानं वाचू नकोस. काल मी शिलाईवालीचं चित्र एकटा जाऊन पाहिलं. शेजारी तू नव्हतीस, मागाहून कुणी सांगणार नव्हतं, म्हणून असेल, डोळा लागला नाही. नवरा ब्रह्मदेशात गेलेला, ती दर पोंगलला त्याच्या मापाचा एक सदरा शिवून ठेवते. तो परत येतो तेव्हा म्हातारा आणि जाडा झालेला असतो. सदरा अंगात शिरत नाही. ती खाली बसते आणि शिवण उसवायला घेते. चित्र संपलं तसा मी बाहेर पडलो. वाटेत पिळ्ळै भेटले, माझी झोप ठाऊक असल्यानं थट्टेनं म्हणाले, काय झालं चित्रात? मला सांगता आलं नाही. मी त्यांना काही नाही म्हटलं आणि पुढं गेलो. तुला तेव्हा काय झालं होतं ते मला काल कळलं. मला इथं तुझ्यावाचून करमत नाही. शुक्रवारी सकाळी तंजावरहून येणाऱ्या गाडीला मी स्टेशनावर येतो. तू त्या गाडीत नसलीस तर शनिवारी येईन, आणि रविवारीही.