एकोणीस घरांचा एक फोन

प्रिय ऋषी,

'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलं. आता खोडत नाही.

तू नारायणगावचा, मी तळेघरची. पुण्याच्या ऑफिसात आपलं जुळलं, हे घरच्यांच्या आधी टीमला कळलं होतं. दर दोन आठवड्यांनी कामाचा एक टप्पा, आपला स्प्रिंट, संपला की तू केक कापायचास आणि माझं टेस्टिंग पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलायचास. नूतन फार कटकट करते, असं माझ्याबद्दल सगळ्यांना म्हणायचास. मीही हसायचे, त्याचा आता राग येतो.

भाताच्या बियाण्याचं ॲप आठवतं ना? मी बजावलं होतं, आमच्या वाडीत रेंज फक्त ठमामावशीच्या ओट्यावर मिळते, एकोणीस घरं तिच्याच फोनवरून मागणी नोंदवतील, तेवढं तपासू दे. दोनच दिवस मागितले होते. शुक्रवारी साहेबांना डेमो द्यायचा म्हणून तू ती टेस्टच यादीतून काढलीस. ॲपनं एक फोन म्हणजे एक शेतकरी धरला आणि बाकीची अठरा नावं गिळली. बियाणं आलं ते एकट्या मावशीचं. हिनं आपल्यापुरतंच नोंदवलं, असं वाडी म्हणाली. चूक ॲपची आहे हे मी सांगून पाहिलं, पण भाची मावशीचीच बाजू घेणार ना. मावशी मलाच विचारायची, "बाई, समद्यांची नावं घातली व्हती, मग माझंच कसं आलं?" वर्षभर तिच्या ओट्यावर कुणी चढलं नाही. नाचणी कापायला ती एकटीच गेली.

आणि मीटिंगमध्ये तू म्हणालास, टेस्टिंगकडून राहून गेलं. माझ्याकडे न बघता म्हणालास. मी नोकरी सोडली आणि तुलाही.

आता मी इथल्या भात पिकवणाऱ्या बायकांच्या संस्थेत काम करते. आम्हाला नवं ॲप घ्यायचंय, आणि तुझ्या नव्या कंपनीनं पाठवलेलं ॲप तपासायला माझ्याकडेच आलं. आठ दिवस डोंगरात हिंडून तपासलं. रेंज नसताना नोंदवलेली मागणी रेंज आल्यावर दोनदा जाते. म्हणजे तू अजूनही एकदासुद्धा इकडे येऊन ते चालवून बघितलेलं नाहीस.

फोन केला तर एका दुपारीत दुरुस्त करशील. म्हणून हे पोस्टानं पाठवतेय. आज शनिवार, पुण्याला पोचायला बुधवार उजाडेल. सोमवारी तू आमच्या चाळीस बायकांसमोर ॲप दाखवशील, आणि पहिली मागणी मावशी नोंदवेल, रेंज नसलेल्या भातखाचरात उभी राहून. मग ती ओट्यावर येईल, आणि सगळ्यांदेखत तीच मागणी तुझ्या स्क्रीनवर दोनदा उमटेल. पत्र उघडशील तेव्हा चूक तुला कळलेली असेल. ती मला आधीच माहीत होती, एवढं तुला कळावं म्हणून लिहिलं.

तुझीच टेस्टर,
नूतन