आबांनी सोडलेली गाडी

नागपूर,
३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय आबांस,
धम्मप्रियाचा सविनय जय भीम. वि. वि. फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही, म्हणून पत्र. नागूआत्याने अन्न सोडलंय. दवाखान्यातून घरी आणलंय. दिवसातून दहादा विचारते, रावसाहेब निघाला का. आजी गेल्यावर तुम्हाला तिनंच वाढवलं, तिला दुसरं कोण आठवणार?

रविवारी संध्याकाळी पाचच्या खाजगी गाडीचं तिकीट मी ॲपवरून काढलंय. ते तुमच्या मोबाइलवर आलंय. पुणे नाक्यावर तेवढं दाखवा आणि बसा. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाला गाडीत कसं बसायचं ते शिकवतेय, हसू नका. माया आहेच, ती राहू द्या.

तुमची लेक,
धम्मप्रिया

सोलापूर,
१४ फेब्रुवारी

चि. धम्मप्रियास जय भीम आणि आशीर्वाद.
नागपुरात तुझ्या डोळ्याला डोळा देता आला न्हाई. तूही बोलली न्हाईस. म्हणून लिहितो.

मी वेळेत गेलो होतो, बाळ. गाडीत बसलोही होतो. ड्रायव्हर म्हणाला, मोबाइल दाखवलात, झालं की. पण हातात कागद न्हाई. वाटलं, वाटेत कुणी चढंल, ही सीट माझी म्हणंल आणि मला माळावर उतरवतील. मीच उतरवलंय लोकांना. एकदा एक म्हातारी हात जोडून सांगत होती, तिकीट लेकापाशी हाय, तो मागं राहिला. मी घंटी मारून तिला बोरामणीच्या पुढं उन्हात उतरवली. तीच डोळ्यापुढं आली. मी उतरलो, रिक्षानं एसटी स्टँडवर गेलो, लातूरचं तिकीट घेतलं. कागद खिशात गेल्यावर जिवाला लई बरं वाटलं. मग नांदेड, यवतमाळ करत सोमवारी संध्याकाळी पोचलो, तर तुमी आक्काला पोचवून परतला होता.

मी सोडलेली गाडी सकाळी नवालाच आली म्हणे. आक्का किती वाजता गेली, हे मी कुणालाच विचारलं न्हाई. तू सांग. राग धर, पण पत्र धाड.

तुझा आबा

नागपूर,
२० फेब्रुवारी

आदरणीय आबांस सविनय जय भीम.
आत्या सव्वाअकराला गेली.

रागावून गप्प नव्हते मी. ॲपमध्ये गाडी नकाशावर चालताना दिसते. सकाळपासून मी आत्याला तेच दाखवत होते. एक्याऐंशी वर्षांची बाई, पण हे खरं कशावरून, असं तिनं एकदाही विचारलं नाही. गाडी बुटीबोरीला आली, तशी तिनं केस विंचरून घेतले, चष्मा मागितला. तुम्ही बसलात का, हे फोन करून विचारायचं मला सुचलंच नाही. गाडी दिसत होती ना.

तुम्हाला आणायला शेजारचे यशपालदादा गेले होते, ते एकटेच परतले. पुढचे दोन तास मी आत्याला काहीबाही सांगत राहिले. शेवटी मी म्हणाले, आबा जिना चढतायत. ती म्हणाली, दमला असेल, आधी पाणी दे. मी खरंच उठून पेला भरून आणला. मी परत आले तेव्हा तिचे डोळे दाराकडे होते. मीच मिटले. तुमच्यासमोर हे बोलायचं धैर्य नव्हतं.

आत्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी तुम्हाला न्यायला मी स्वतः येतेय. पूर्वीसारखीच माया ठेवाल ना, आबा?

तुमची,
धम्मप्रिया