वर जाण्याआधीचा प्रश्न

आबा, काल आमच्या ऑफिसातल्या मशीननं एका पाहुण्याला विचारलं, "आज अंगाला अत्तर किंवा सेंट लावला आहे का?" आणि तो माणूस रागावला नाही. "हो, लावलाय थोडा. का?" एवढंच त्यानं लिहिलं. मशीननं कारण सांगितलं, त्यानं "बरं, धुऊन निघतो" असं कळवलं, विषय संपला. हाच प्रश्न तुम्ही जन्मभर विचारलात आणि त्यापायी एकदा भर रस्त्यात कॉलर धरवून घेतलीत. म्हणून वाटलं तुम्हाला लिहावं. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. वाचायची तुम्हाला हौस कधीच नव्हती, सही करतानासुद्धा तुमची जीभ बाहेर यायची. आणि हे पत्र टाकायचं तरी कोणत्या पेटीत? तरी लिहिते.

रविवार म्हटला की मला अजून मळवली स्टेशन दिसतं. पुण्याकडून लोकल येऊन थांबते, तुम्ही धुतलेला पांढरा शर्ट घालून बाहेरच्या झाडाखाली उभे, आणि मी तुमच्या मागे पाण्याची कळशी आणि साबणाची वडी घेऊन. लोक उतरतात, भाज्याची लेणी कुठं म्हणून विचारतात. तुम्ही आधी त्यांच्या तोंडाकडे बघतच नाही, पायांकडे बघता. कुणाच्या चपला घसरणाऱ्या, कोण गुडघ्यावर हात ठेवून उभं राहतंय, ते हेरता. मग विचारता, "जेवलात का?" आणि मग तुमचं ते ठरलेलं, जे दिसू नये म्हणून मी कळशीत बघत राहायचे. जरा पुढं वाकून एकेकाच्या खांद्यापाशी नाक नेऊन तुम्ही वास घेता. "अत्तर लावलंय जनू. वर कड्याला आग्यामोहळ हाय साहेब, त्याला वासाचा लय राग. हितंच मान-हात धुवा, मग वर जाऊ." काही हसायचे, काही नाक मुरडायचे, पण बहुतेक धुवायचे. ज्याचा वास धुऊन जाईना त्याला तुम्ही पिशवीतली जाडी चादर पांघरायला लावायचात, मग तो कितीही मोठा साहेब असो.

हा नियम घरालाही होता. रविवारी आईलाही केसांना वासाचं तेल बंद. मी मोगऱ्याचा गजरा मागितला की तुमची मान हलायची. पण एका रविवारी लोणावळ्याच्या बाजारातून तुम्ही अबोलीचा गजरा घेऊन आलात, केळीच्या पानात गुंडाळलेला. आई भाकरी थापत होती, तिच्या हाताला पीठ, म्हणून तुम्हीच तो माझ्या वेणीत खोचलात, वेडावाकडा. "हिला वास नसतोय. माळ, आन चल बिनधास्त." अख्ख्या बाजारात बिनवासाचं फूल शोधत फिरणारा बाप दुसऱ्या कुणाला मिळाला असेल असं मला वाटत नाही. हे मला तेव्हा कळलं नाही, पण आज कळतंय.

मी नववीत असताना ते कॉलरचं झालं. नवीन लग्न झालेलं जोडपं होतं, बरोबर दिरा-जावांचा गोतावळा. तुम्ही नवरीच्या खांद्यापाशी वाकलात आणि तिच्या नवऱ्यानं तुमची कॉलर धरली. "बायकांचे वास घेतोस? लाज नाही वाटत?" माणसं जमली. तुम्ही कॉलर सोडवून घेतली नाहीत. "मारायचं तर मारा साहेब, पन आदी बाईंला मान धुऊ द्या." ते लोक आपल्याला सोडून वर गेले, फोटो काढले आणि दोन तासांनी हसत खाली उतरले. त्यांना काही म्हणजे काही झालं नाही, याचाच मला जास्त राग आला. सोमवारी वर्गात एकानं मला "वासवाल्याची पोरगी" म्हटलं आणि ते दहावी संपेपर्यंत चिकटलं. मी घरी येऊन तुमच्यावर ओरडले, "आबा, तुम्ही हे बंद करा! सगळे हसतात मला." तुम्ही चुलीपुढं बसून चहा फुंकत होतात. "हसू दे की. हसन्यानं मानूस मरत न्हाई, माशीनं मरतो." मी तीन दिवस तुमच्याशी बोलले नाही. पुढच्या रविवारी तुम्ही एकटेच कळशी उचलून गेलात आणि पुन्हा मला कधी चल म्हटलं नाहीत.

आता मी लोणावळ्यात एका चिक्कीच्या दुकानाच्या वर बसते. लोकांच्या सहली ठरवून देणारं छोटं ऑफिस आहे. ऐकलं असतंत तर हसला असता, पोरगी शेवटी बापाच्याच धंद्यात. दोन वर्षांपूर्वी आमच्या सरांनी एआय आणलं. पाहुणा फोनवर लिहितो, आम्ही इतके जण आहोत, एवढा वेळ आहे, आणि ते मिनिटभरात दिवसाचा बेत मांडून देतं. सर म्हणाले, "मॅडम, मावळातलं तुमच्या डोक्यात आहे ते सगळं याला शिकवा." महिनाभर मी तेच केलं. माझ्या डोक्यात होतं काय आबा, तुम्हीच होतात. कोणत्या पायरीवर शेवाळ धरतं, उतरताना गुडघे चढण्यापेक्षा जास्त दुखतात, चारनंतर चैत्यात ऊन कसं शिरतं, आत गेल्यावर आधी गप बसायचं आणि मग बोलायचं. तुमचं "आदी बसा जरा" याचं मशीननं "शांततेसाठी पाच मिनिटे" असं करून टाकलं. तुम्ही सुटाबुटात उभे राहिल्यासारखे वाटलात मला.

मशीनला नावं ठेवायला मी बसलेली नाही. श्रीलंकेहून एक म्हातारी भिक्खुणी आली होती. तिची भाषा आम्हा कुणाला येत नव्हती. फोनवर ती बोलायची आणि मशीन मला मराठीत सांगायचं. चैत्यासमोर बसून तिनं विचारलं, "ही वाट तुला कोणी दाखवली?" मी म्हटलं, माझ्या वडिलांनी. मशीननं ते तिच्या भाषेत सांगितलं आणि तिनं हात जोडले. मला नाही, तुम्हाला. त्या दिवशी मला त्या यंत्राचे पाय धरावेसे वाटले, फक्त त्याला पाय नाहीत.

पण अत्तराचा प्रश्न मी त्याला शिकवला नव्हता.

यंदाच्या मार्चमध्ये पुण्याचं एक कुटुंब आलं, अकरा जण, आईची सत्तरी साजरी करायला. मशीननं बेत छान केला होता. म्हातारीच्या चालीनं चढण, मध्ये विसावा, साडेचारला चैत्यातलं ऊन. आमच्याकडे प्रत्येक बेत माझ्या नजरेखालून जातो, मी खूण केल्याशिवाय पाहुण्याला मिळत नाही. माणसाची नजर हवीच, असं सर सगळ्यांना अभिमानानं सांगतात. मी नजर टाकली आणि खूण केली. चार वाजता मावशीचा फोन आला. तीच मावशी, पायऱ्यांच्या तोंडाशी ताक विकणारी, तुम्हाला भाऊ म्हणायची ती. आता साठी ओलांडलीय तिनं.

"बाय, तुजी लोकं वर चालली. लग्नाला निघाल्यागत वास सुटलाय निस्ता. आन मोहळ बसलंय ना वर, परवाधरनं."

"मावशी, थांबव त्यांना!"

"हाका मारल्या की. आयकत्यात कुटं? ऱ्हा, मीच जाते."

फोन बंद झाला. म्हातारीच्या मुलाला मी सात वेळा फोन लावला, तो फोन गाडीतच राहिला होता हे मागाहून कळलं. मशीनला विचारलं तर ते म्हणालं, हवामान स्वच्छ आहे, मार्गावर कोणतीही अडचण नोंदलेली नाही. त्याचं चुकलं नव्हतं, नोंदलेलीच नव्हती. स्कूटी काढून मी निघाले. पोचले तेव्हा माणसं पायऱ्यांखाली झाडीत बसली होती, दोघा-तिघांना डसलं होतं, आणि मावशी खाली आडवी होती. ताकाच्या मडक्याभोवतीचं ओलं पोतं घेऊन ती वर गेली होती. माशा तोवर उठल्या होत्या. पोतं तिनं म्हातारीवर घातलं आणि स्वतः उघड्या डोक्यानं तिला एकेक पायरी उतरवत आणलं.

दवाखान्यात मावशीचं तोंड ओळखू येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, रात्रीपर्यंत काही सांगता येणार नाही. मी बाकावर बसून होते आणि डोक्यात एकच चाललं होतं, ही गेली तर ती माझ्यामुळं गेली. मशीनमुळं नाही, माझ्यामुळं. ज्यांची सत्तरी होती त्या आजी नव्या साडीत मावशीच्या पायाशी बसून होत्या आणि कुणाचं ऐकून उठत नव्हत्या. रात्री दहाच्या सुमारास डॉक्टरांनी येऊन सांगितलं, धोका टळला. मी भिंतीला टेकून रडले. आबा, इतकी तर मी तुम्ही गेलात तेव्हाही रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मावशीला जरा बोलता आलं. ओठ सुजलेले, डोळे मिटलेले. "तुजा बाप असता तर आदी नाक लावलं असतं बग एकेकाला." मग म्हणाली, "त्या मशनीला म्हाईत न्हवतं व्हय अत्तराचं?"

"नव्हतं, मावशी."

"मंग तिची काय चूक? आडात न्हाई तर पवऱ्यात कुटनं येनार. तू सांगाया हवं हुतंस."

"राहून गेलं, मावशी."

"राहतंय बाय. मानूस हाय." असं म्हणून तिनं चाचपत माझा हात धरला.

सरांनाही मी तेच सांगितलं, राहून गेलं. ते रागावले नाहीत. पण तो प्रश्न आता घालायचा म्हटल्यावर मात्र कुरकुरले. पाहुण्यांना असं अंगाच्या वासाचं विचारलं तर वाईट वाटेल, कुणी इकडे-तिकडे लिहील. मी त्यांच्यापुढं पहिल्यांदा आवाज चढवला आणि तोंडातून तुमचंच वाक्य गेलं, चुलीपुढचं. सरांनी प्रश्न घालू दिला. आता तर दुधानं तोंड पोळल्यासारखं झालंय त्यांचं, मावशीला विचारल्याशिवाय भाज्याचा एकही बेत जाऊ देत नाहीत. मोहळ कुठं बसलंय ते आकाशातल्या उपग्रहाला दिसत नाही, ते मावशीला दिसतं, तेही एका डोळ्यात मोतीबिंदू असताना. ती वर बघून सांगते, मी मशीनला सांगते, मशीन पाहुण्यांना सांगतं. आणि गंमत बघा, तुमच्यापुढं जे लोक "छे, काही लावलं नाही" म्हणायचे, ते मशीनपुढं बिनदिक्कत खरं सांगतात. त्याला नाक नाही म्हणून असेल. हे सगळं तुमचं आहे आबा. सत्तरीच्या त्या आजी परवा नातवंडांना घेऊन मावशीकडे ताक प्यायला आल्या होत्या. तुम्ही कॉलर सोडवून घेतली नाहीत, त्याचं हे फळ आहे असं मला वाटतं. तुमचे उपकार मानायला मला इतकी वर्षं लागली, एवढीच खंत आहे.

आता एकच सांगायचं उरलं आहे. राहून गेलं नव्हतं. मशीनला शिकवत होते त्या महिन्यात मी ती ओळ लिहिली होती, अत्तराची, मोहळाची, मान धुण्याची, अगदी तुमच्या शब्दांत. मग वाटलं, सर विचारतील हे कुठून शिकलात, आणि मला सांगावं लागेल की माझे वडील स्टेशनाबाहेर लोकांचे वास घेत उभे असायचे. चाळिशी ओलांडलेली बाई मी, बंद खोलीत एकटीच होते, तरी कानशिलं तापली. मी ती ओळ पुसली. मावशीला हे सांगायला हवं. रोज सकाळी मी तिला फोन लावते, ती "बोल बाय" म्हणते, आणि मी मोहळाचंच विचारून फोन ठेवते.