मुग्धाच्या हातातली बाटली

रविवार, संध्याकाळ

आज फार थकले. ओरडून थकले की ऐकून, ते कळत नाही.

दुपारी पापडीहून जाऊबाईंचा फोन आला. "मुग्धाचा व्हिडिओ बघितलास का गं?" मग मी बघितला. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मैत्रिणीचा वाढदिवस, आणि आमची अठरा वर्षांची मुलगी बिअरची बाटली तोंडाला लावून हसतेय. खाली कौतुकाची ही रांग.

ती घरी आल्यावर मी मोबाइल तिच्यासमोर धरला. "हे कुणी शिकवलं? त्या मुलींनी की या मोबाइलनं?"

ती शांतपणे म्हणाली, "आई, बाबांच्या ग्लासात बर्फ मी दुसरीत असल्यापासून टाकतेय. तेव्हा तू काही बोलली नाहीस."

हे समोरच बसले होते. पेपर तेवढा वर धरला.

खरंच आहे. दर रविवारी बर्फ तीच टाकायची, इवल्याशा बोटांनी, एक थेंब न सांडता. आणि पाहुण्यांना मीच सांगायचे, "आमची मुग्धा मोजून तीन खडे टाकते हं!" सगळे हसायचे. तीही हसायची. मी कसलं कौतुक करत होते?

थोड्या वेळानं ती माझ्याशेजारी येऊन बसली. "व्हिडिओ डिलीट केला. कडू होती गं, आवडली नाही. पण सगळ्या बघत होत्या ना."

जवळ घ्यायचं सोडून मी विचारलं, "पुन्हा पिशील?"

"माहीत नाही," म्हणाली.

"नाही" म्हणाली असती, तर मी विश्वास ठेवला नसता.