पाव इंचाचा चौकोन

पेडगाव,
९ जानेवारी २०२६

चि. दीपिका,
आशीर्वाद. इकडं ठीक. तिकडं तुझं शिक्षण आणि तुझ्या पोटातलं, दोन्ही सुखरूप वाढत असतील.

आधी तक्रार नोंदवून घे. तुझ्या वंशावळीच्या तक्त्यात पुरुषाला चौकोन, बाईला गोल, हे मान्य. पण चौकोन पाव इंचाचा? बारा वर्षं सोसायटीचा चेअरमन राहिलेला माणूस पाव इंचात! माझं नुसतं पोट मावत नाही त्यात.

लेकरांचा कॅन्सर घराण्यातून कसा उतरतो ते तुम्ही शिकायचं, आणि सुरुवात म्हणे स्वतःच्या घराण्यापासून. मी भरून धाडलेला तक्ता बघून तुझ्या मॅडम म्हणाल्या, "तीन पिढ्यांत एकाही लेकराला काही झालं नाही? घराणं आहे का जाहिरात?" बाई हुशार. जाहिरातच होती ती, तुझ्या सोयरिकीच्या वेळची. तिचीच मी नक्कल उतरवली.

फोनवर तू म्हणालीस, "अण्णा, लपवू नका, मला भ्याव वाटायलंय." मी म्हणालो, "रेंज न्हाई." रेंज होती.

तर दुरुस्ती. तुझ्या बन्सीधर काकाचा डोळा लहानपणी बैलाच्या शिंगानं गेला, असं आपण सांगतो. त्या साली आपल्याकडं बैलच नव्हता. डोळ्यात गाठ निघाली, म्हणून काढला.

आणि तुझी आई घरात मांजर येऊ देत नव्हती, आठवतं? तुझ्या आधी आम्हाला गोपाळ झाला होता. दिवेलागणीला त्याच्या बुबुळात पांढरं चमकायचं, मांजरावाणी. मी म्हणायचो, "आमचं पोरगं बॅटरीसकट आलंय!" सारी गल्ली हसायची. आठ महिने हसवली मी. दवाखान्यात नेलं तवर तसल्याच गाठीनं दोन्ही डोळे गेले होते. मग तोही. सव्वादोन वर्षांचा.

आता घरात मी एकटाच. तरी मांजर आणवत नाही.

बाळ झालं की पहिल्याच आठवड्यात त्याचे डोळे दाखव. तुझंही रक्त तपासून घे. सासरच्यांनी विचारलं तर सांग, बापच खोटं बोलला.

सोबत नवा तक्ता. तुझ्या आधी एक चौकोन काढलाय, नाव घातलंय, तुमच्या रीतीनं आजार होता म्हणून काळा भरून, गेला म्हणून वर तिरपी रेघ ओढलीय. पाव इंच पुरलं त्याला.

पाकीट टाकायला जाताना मुंजाच्या पारावर थांबीन. गोपाळच्या नावानं तिथं वर्षातून एकदा दहीभात ठेवा, एवढंच तुझी आई शेवटपर्यंत मागत होती. एवढंसं पोरगं मुंजा होत नसतं, असं शास्त्र मी तिला सांगायचो.

दहीभात डब्यात भरलाय.

तुझा,
दोन लेकरांचा बाप,
अण्णा