वाट बिघडवली तो रविवार

शिरूर कासार,
गुरुवार

प्रिय दादा,

पाकीट बघून तू आधी हसशील. शेजारच्या गल्लीत निरोप द्यायचा तरी फोन करणारी सायली चक्क पत्र लिहिते! पण महिनाभर तू माझा फोन उचलत नाहीस, मेसेज केला तर नुसता अंगठा पाठवतोस, मग माणसानं काय करायचं? क्लबमधला हनुमान उद्या टायर घ्यायला गेवराईला येतोय, त्याच्याच हाती हे देते. तुझ्या हातातच द्यायचं, वहिनीकडे नाही, असं त्याला बजावलंय. घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. आप्पांचा गुडघा आहे तसाच आहे आणि तोंडाचा पट्टाही आहे तसाच चालू आहे. काळजी दुसऱ्याच माणसाची आहे. मोरदऱ्याच्या डोंगरापायथ्याला मेंढरांचा वाडा असलेले मुंजाजीबाबा तुला आठवत असतील. सोमवारी अकरा वाजता त्यांना वनखात्याच्या ऑफिसात बोलावलंय. डोंगरातून मुरूम चोरीला गेलाय आणि ट्रॅक्टरवाल्यांना वाट बाबांनीच दाखवली, असं कोणीतरी साहेबांच्या कानावर घातलंय. गुन्हा नोंदवला गेला तर त्यांच्या मेंढरांना तो डोंगर कायमचा बंद होईल. सत्तरीचा माणूस साठ मेंढरं घेऊन जाणार कुठं?

आमच्या जीप क्लबची तू नेहमीच टिंगल केलीस. डिझेल जाळून चिखलात लोळणाऱ्या म्हशी म्हणालास आम्हाला. पहिलं वर्ष आम्ही तसेच होतो, कबूल. अमरसिंहाची कोरी करकरीत गाडी, हनुमाननं पंधरा वर्षं केजच्या रस्त्यावर प्रवासी कोंबून चालवलेली खटारा जीप, जनावरांच्या दवाखान्याच्या कामासाठी घेतलेली माझी, अशा सात गाड्या घेऊन आम्ही डोंगरात धिंगाणा घालायचो. मग एका उन्हाळ्यात वनखात्यानं जनावरांसाठी बांधलेल्या वरच्या पाणवठ्याच्या कोरड्या सिमेंटला जीभ लावून मेलेलं चिंकाऱ्याचं पाडस बघितलं. टँकर तिथवर चढतच नव्हता. त्या दिवशी खाली येताना कोणी गाणी लावली नाहीत. पुढं आम्ही वनखात्याची लेखी परवानगी काढली आणि आमचे नियमही केले. चाकोरी सोडून चाक बाहेर घालायचं नाही, हॉर्न वाजवायचा नाही, चिखल दिसला तर बाजूनं नवी वाट पाडायची नाही. यंदा दिवाळीनंतर तर सात रविवार आम्ही फक्त ती वाट दुरुस्त केली. तीन घळी दगडांनी भरल्या, पाणी वाहून जायला चर काढले, तरवडाची झुडपं छाटली. माझ्या तळहाताला असे फोड आले की सोमवारी इंजेक्शनची सुई धरता येईना. पण शेवटी टँकर दुसऱ्या गिअरवर वर गेला, पाणवठा भरला, आणि अमरसिंहासारखा अकडू माणूस माझ्यासमोर डोळे पुसत होता.

आता आमचा शहाणपणा ऐक. अवघड वाट सोपी केल्याचा आम्हाला इतका आनंद झाला होता, की टँकर चढतो तिथं आणखी काय काय चढेल हे सात ड्रायव्हरांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्या तीन घळीच डोंगराची राखण करत होत्या, आणि आम्ही घाम गाळून त्या बुजवल्या. पायथ्याचं निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, मग बघायला तरी कोण होतं? जानेवारीत गेलो तेव्हा वाटेवर ट्रॅक्टरच्या रुंद चाकोऱ्या पडलेल्या आणि पाणवठ्याच्या अलीकडचा सगळा उतार पोखरलेला. मला रडू आलं आणि लाजही वाटली. मग ठरलं, की वाट परत बिघडवायची. तू हसशील, पण हेही कसबाचं काम आहे. दगड असा बसवायचा, की जीप आणि तिच्यामागची पाण्याची छोटी टाकी तिरकी होऊन निघेल, पण ट्रॉली वळता वळणार नाही. हनुमान छाती फुगवून म्हणाला, “जन्मभर खड्डे चुकिवले बे, आता कुठं पाडायचे ते मला इचारा.”

गेल्या रविवारी उजाडता उजाडता पहारी घेऊन आम्ही निघालो. कुसळीचं गवत दवानं ओलं होतं. दुसऱ्या वळणावर मुंजाजीबाबा काठी आडवी धरून वाटेतच उभे. “गाड्या बंद करा. लेकरं हलवायलीय ती,” म्हणाले. कोण ते विचारायच्या आत समोरच्या गवतातून लांडगी बाहेर आली. तोंडात काहीतरी लोंबत होतं. मला वाटलं बाबांचंच कोकरू, पण ते तिचं पिल्लू होतं, काळपट, डोळे नुकते उघडलेलं. सात गाड्या, सतरा माणसं, आणि ती आमच्याकडे एकदा बघून वीस पावलांवरून वाट ओलांडून पलीकडच्या धावड्याच्या झाडीत शिरली.

दादा, मी जनावरांतच दिवस काढते. गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातलेत, मला जनावराचं नवल उरलं नाही असं वाटायचं. पण ती परत आली, दुसरं नेलं. परत आली, तिसरं नेलं. प्रत्येक वेळी थांबायची, गाड्यांकडे बघायची आणि ठरवल्यासारखी पुढं व्हायची. पोट खपाटीला गेलेलं, थानं ओढली जाऊन लाल झालेली, चारही पाय मुरमानं माखलेले. एवढ्या माणसांसमोरून भर उजेडात जायचं बळ तिच्यात आलं कुठून? चौथ्यांदा ती गवतातून बाहेर आली तेव्हा तोंड रिकामं होतं. वाटेवर उभी राहिली आणि मागे वळून गेली. पाचव्यांदा रिकामीच आली, परत गेली. सहाव्यांदाही तेच. दोन तास कोणी दार उघडलं नाही. अमरसिंहाचा फोन हातात होता, पण त्यानं एकही फोटो काढला नाही. शेवटी ती धावड्यात गेली ती आलीच नाही. बाबांनी हात जोडले. मागच्याच महिन्यात त्यांचं कोकरू नेलेलं तिनं, मीच दुसऱ्याच्या जखमेला टाके घातले होते. मी तसं म्हणाले, तर म्हणतात, “खाती की आमचं. खाऊ द्या. तिचा बी डोंगर हाय.” ती लांडगी मोठी का हा माणूस मोठा, मला त्या दिवसापासून सांगता येत नाही.

ती पिल्लं घेऊन येत होती त्या बाजूला आम्ही चालत गेलो. पोखरलेल्या उताराच्या टोकाला तिची ढोल, म्हणजे बीळ, होती. मुरूम काढता काढता वरचा काठ खाली बसला होता. ढिगाऱ्यावर तिच्या नखांचे ताजे ओरखडे होते. आम्ही हातांनीच उकरलं. चौथं पिल्लू सापडलं, पण ते गार पडलं होतं. मी तपासत बसले, जसं काही मी अजून काही करू शकत होते. रतनबाई, बाबांची बायको, तोवर भाकरी घेऊन वर आली होती. मी बाबांवर चिडले. तुम्ही रोज इथं असता, ट्रॅक्टर कोणाचा ते तुम्ही बघितलं असणार, साहेबांना नाव का सांगत नाही, स्वतःवर आळ का घेता, असं बरंच बोलले. बाबा खाली बघून म्हणाले, “मी काय बघितलंच न्हाई.” रतनबाईला राहवलं नाही. “कावून लपवताव? ताईंनी आपली मेंढरं जगवली म्हणून ह्यांचं तोंड उघडंना. ताई, ट्रॅक्टर तुमच्या भावाचा हाय.”

मी रतनबाईशी भांडले नाही, तुझी बाजूही घेतली नाही, कारण मला आधीच माहीत होतं. जानेवारीत चाकोऱ्या बघितल्या तेव्हाच माहीत होतं आणि मी ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं. टँकर चढला त्या दिवशी आनंदाच्या भरात मी तुला व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, “बघ दादा, आता तुझी ट्रॉलीसुद्धा हसत चढेल.” तू अंगठा पाठवलास. वाळूउपसा बंद झाल्यापासून तुझे दोन ट्रॅक्टर दारात उभे होते, घरात चिडचिड आहे, सगळं मला ठाऊक आहे. पिल्लांचं तुला माहीत नव्हतं, हेही मला ठाऊक आहे. पण माझी लाज राखायला एक परका माणूस आपला डोंगर सोडायला निघालाय, आणि मी तुझी लाज राखायला गप्प बसू, हे मला जमणार नाही. वाट तर आम्ही त्याच दिवशी बिघडवली; आता सोमवारी मी बाबांबरोबर जाणार आहे. जबाबात आधी माझं नाव सांगणार: वाट आम्ही केली आणि ती चढते हे ट्रॅक्टरवाल्याला मीच कळवलं. दुसरं नाव मी घ्यायचं का तू स्वतः येऊन घ्यायचं, एवढंच ठरायचं आहे. तू आलास तर मी तुझ्या शेजारी उभी राहीन, साहेब बोलतील ते दोघं मिळून ऐकू. नाही आलास तर मी ते नाव घेईन, दादा. मला ते घ्यायला लावू नकोस. साडेदहापासून मी ऑफिसच्या फाटकाशी उभी असेन.

तुझीच,
सायली